सायकल-मंडळे, एकोणिसाव्या शतकातील
सायकल-मंडळे : सायकल चालविण्याचा छंद, सहली, शर्यती व सायकलस्वारांच्या हक्कांचे संरक्षण या हेतूंनी एकत्र आलेल्या व्यक्तींच्या संघटना. अशी मंडळे प्रथम १८६८ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली. पुढील तीस वर्षांत ती इंग्लंड, इटली, जर्मनी, नेदर्लंड्स व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत पसरली. प्रारंभी सुखवस्तू तरुणांची करमणूक एवढेच त्यांचे स्वरूप होते. परंतु सार्वजनिक रस्ता कोणाचा, त्यावरून कोणी व कशा रीतीने जावे, हा प्रश्न त्यांच्यामुळे पुढे आला. रस्तासुधारणा, स्त्रियांचा पोशाख, कामगारांची फुरसत आणि वर्णभेद हे विषयही त्यांच्या इतिहासाशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी : बाडेनमधील वनाधिकारी कार्ल फोन ड्राइस (१७८५–१८५१) याने १२ जून १८१७ रोजी मॅनहाइम येथून आपले ‘धावयंत्र’ चालवून दाखविले. एकामागे एक अशी दोन लाकडी चाके, त्यांना जोडणारी तुळई व तीवर बैठक अशी त्याची रचना होती. यास पेडल नसल्याने स्वार पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. इंग्लंडमध्ये डेनिस जॉन्सन या गाडीकाराने १८१८ मध्ये त्याच्या सुधारित प्रकाराचे एकस्व घेतले. लंडनच्या शौकिनांत काही काळ त्याची चलती होती. परंतु ओबडधोबड रस्ता टाळून स्वार पादचाऱ्यांच्या पदपथावर येऊ लागल्याने अनेक शहरांत त्यास मनाई झाली व ही लाट ओसरली. यंत्र चांगले, पण त्याला रस्ता नाही, ही पुढील सर्व इतिहासाची अडचण येथेच प्रथम दिसते.

१८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला पेडल जोडलेले ‘व्हेलॉसिपीड’ प्रचारात आले. त्याचे श्रेय प्येअर मीशो व प्येअर लालमां या दोघांनाही दिले जाते. लालमां याने १८६६ मध्ये अमेरिकेत त्याचे एकस्व मिळविले. लोखंडी धावांच्या या वाहनाने अंग इतके खिळखिळे होई, की इंग्रजांनी त्यास ‘हाडे खुळखुळविणारे’ असेच नाव दिले. [⟶ सायकल].

फ्रान्समधील आरंभ : पॅरिसचे व्हेलॉसिपीड मंडळ १८६८ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी ३१ मे रोजी पॅरिसनजीक सँ-क्लू येथील उद्यानात शर्यती झाल्या व त्यांत जेम्स मूर (१८४९–१९३५) हा फ्रान्समध्ये वाढलेला इंग्रज तरुण विजयी झाला. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआं ही सु. १२३ किमी.ची शर्यत घेण्यात आली. एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंतची ही पहिली मोठी शर्यत मानली जाते. तीतही मूर पहिला आला. त्यास पावणेअकरा तासांच्या आसपास वेळ लागला. भाग घेणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. त्यांपैकी ‘मिस अमेरिका’ असे टोपणनाव धारण केलेल्या स्त्रीने शर्यत पुरी केली. मंडळाबरोबर ही शर्यत भरविण्यात रीशार लेक्लीद याच्या व्हेलॉसिपीडविषयक नियतकालिकाचाही वाटा होता. मंडळ, वृत्तपत्र व कारखानदार यांची ही युती पुढे सायकलशर्यतींच्या क्षेत्रात कायमची रूढ झाली. इटलीत फ्लॉरेन्सचे मंडळ जानेवारी १८७० मध्ये निघाले व पुढच्याच महिन्यात त्याने फ्लॉरेन्स ते पिस्तोया ही शर्यत घेतली. तथापि १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे फ्रान्समधील कारखाने व मंडळे यांचे काम थंडावले आणि पुढाकार इंग्लंडकडे गेला.

इंग्लंडमधील मंडळे : शिवणयंत्रे बनविणाऱ्या कॉव्हेंट्री येथील कारखान्याने १८६९ च्या सुमारास व्हेलॉसिपीडची निर्मिती हाती घेतली. तेथील कारागीर जेम्स स्टार्ली (१८३०–८१) याने विल्यम हिलमन याच्या साहाय्याने १८७० मध्ये ‘एरियल’ या सायकलीचे एकस्व घेतले. ताणलेल्या तारेच्या आऱ्यांमुळे चाक हलके व मोठे करता येऊ लागले. पेडल थेट चाकालाच जोडलेले असल्याने चाक जेवढे मोठे तेवढे एका फेऱ्यात अंतर अधिक तुटे. म्हणून पुढचे चाक वाढत वाढत स्वाराच्या पायाच्या लांबीएवढे म्हणजे दीड मीटर व्यासापर्यंत गेले. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावरच बसत असल्यामुळे वाटेतील एखाद्या दगडाने तो हँडलवरून डोक्यावर आपटण्याचे भय असे. अशा वाहनावर चढण्यास चपळता, धाडस व पैसा ही तिन्ही लागत. प्रारंभीच्या मंडळांचे सदस्य बहुतांशी मध्यम व उच्च मध्यम वर्गातील तरुण पुरुष होते, याचे कारण यातच आहे.

लंडनमधील पिक्‌विक सायकल-मंडळ २२ जून १८७० रोजी हॅकनी भागात स्थापन झाले. दोनच आठवड्यांपूर्वी चार्ल्स डिकिन्झ या कादंबरीकाराचे निधन झाले होते. त्याच्या स्मरणार्थ मंडळास हे नाव देण्यात आले व प्रत्येक सदस्याने पिक्‌विक पेपर्स या कादंबरीतील एका पात्राचे नाव धारण करावे असा प्रघात पडला. आजही अस्तित्वात असलेल्या सायकल-मंडळांत ते सर्वांत जुने मानले जाते. केंब्रिज विद्यापीठात १८७४ मध्ये मंडळ निघाले. अरबी भाषेचा व्यासंगी आयन कीथ-फॅल्कनर (१८५६–८७) हा त्याचा अग्रगण्य सदस्य होता. त्याने जॉन कीन या नामांकित धंदेवाईक स्वारास शर्यतीत हरविले आणि १८८२ मध्ये लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स हे ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर १३ दिवसांत काटले.

मंडळांचे अंतर्गत जीवन लष्करी शिस्तीवर बेतलेले होते. कप्तान, उपकप्तान, चिटणीस व बिगूलवाला असे पदाधिकारी असत. टोपी, आखूड कोट, गुडघ्यापर्यंतची विजार व मंडळाचे पदक असा ठरावीक गणवेश असे. आठवड्याच्या सुटीत ठरलेल्या जागी जमून कप्तानाच्या मागे दोन-दोनच्या ओळीने गावाबाहेर पडावयाचे; चढणे, उतरणे, वेग कमी करणे यांचे इशारे बिगुलावर द्यावयाचे; एखाद्या खाणावळीत भोजन व गाणी झाल्यावर सायंकाळी परतावयाचे, असा क्रम होता. लोहमार्ग सुरू झाल्यानंतर दूरच्या टपाल-गाड्या बंद पडून हमरस्त्यांवरील पथिकाश्रम ओस पडले होते. त्यांना या सहलींमुळे पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. लंडनजवळ हॅम्पटन कोर्ट येथे १८७४ पासून मंडळांचा वार्षिक मेळावा भरू लागला. १८८२ च्या मेळाव्यात दोन हजारांहून अधिक स्वार संचलनात होते.

रस्त्यावरील हक्क : घोडे बुजतात, पादचाऱ्यांना धक्के लागतात, अशा तक्रारी सर्वत्र होत. गाडीवान सायकलस्वारांना चाबूक मारीत, पोरे चाकात काठ्या घालीत आणि स्थानिक अधिकारी बंदी घालीत किंवा दंड करीत. एकट्यादुकट्या स्वारास याचा प्रतिकार करणे शक्य नव्हते. मंडळांचे राष्ट्रीय संघ बनण्यामागे हे एक प्रबळ कारण होते. १८७८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ‘बायसिकल युनियन’ स्थापन झाली (१८८३ पासून ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’). तिच्याकडे शर्यतींचे नियमन व कायदेविषयक बाबी होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल याच्या पुढाकाराने सायकल-पर्यटन-संघ निघाला. १८८३ मध्ये त्याचे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे नामांतर झाले. सवलतीच्या दराने सदस्यांची सोय करणाऱ्या उपाहारगृहांना व वसतिगृहांना मान्यता देणे, त्यांवर पंखयुक्त चाकाचे चिन्ह लावणे, उभ्या उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या बसविणे, मार्गदर्शिका प्रसिद्ध करणे इ. कामे त्याने केली. १८९९ मध्ये त्याची सदस्यसंख्या ६० हजारांवर गेली होती.

कायद्याच्या दृष्टीने सायकल म्हणजे नेमके काय, हाही वाद होता. १८७९ मध्ये टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात, बेफाम गाडी हाकण्याविरुद्धचा नियम सायकलीसही लागू होतो, म्हणजेच सायकल ही ‘गाडी’ होय, असा इंग्रज न्यायालयाने निर्णय दिला. वरवर हा निकाल स्वारांविरुद्ध होता. परंतु गाडी म्हणून शिक्षा होऊ शकत असेल, तर गाडी म्हणून रस्त्यावर हक्कही आहे, हा युक्तिवाद त्यामुळे बळकट झाला. १८८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने सायकलींना स्पष्टपणे गाड्यांत गणून स्थानिक बंदी-नियमांचा पाया काढून घेतला. न्यूयॉर्क राज्यात अशाच आशयाचा कायदा १८८७ मध्ये झाला. १८८६ मध्ये उपर्युक्त दोन्ही इंग्रज संघांनी मिळून रस्तासुधारणा-मंडळ स्थापन केले. मोटारगाडीच्या आगमनापूर्वीची ही घटना आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अमेरिकेतील चळवळ : अमेरिकेतील पहिले सायकल-मंडळ बॉस्टन येथे ११ फेब्रुवारी १८७८ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी ॲल्बर्ट पोप (१८४३–१९०९) या उद्योजकाने हार्टफर्ड येथील शिवणयंत्रांच्या कारखान्यात ‘कोलंबिया’ सायकली बनवून घेण्यास आरंभ केला. ३१ मे १८८० रोजी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे निरनिराळ्या मंडळांचे प्रतिनिधी जमून ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ हा राष्ट्रीय संघ निर्माण झाला. त्याचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे ‘चांगले रस्ते’ ही मोहीम होय. पावसाळ्यात चिखलाने व उन्हाळ्यात धुळीने भरणाऱ्या ग्रामीण रस्त्यांच्या सुधारणेसाठी संघाने १८९२ मध्ये गुड रोड्स हे मासिक काढले. रस्त्यांसाठी कर द्यावा लागेल, या भीतीने शेतकरी प्रथम विरोधात होते. खराब रस्त्यांमुळे माल बाजारात नेण्याचा खर्च वाढतो, हे त्यांना पटवून देण्यावर प्रचाराचा भर होता. १८९३ मध्ये मध्यवर्ती शासनाच्या कृषिखात्यात रस्ते-चौकशी कार्यालय उघडण्यात आले. १८९८ मध्ये संघाचे एक लाखाहून अधिक सदस्य होते.

परंतु रस्ता सर्वांना खुला असावा अशी मागणी करणाऱ्या या संघाने स्वतःचे दार मात्र सर्वांना खुले ठेवले नाही. १८९४ मध्ये केंटकी राज्यातील लूइसव्हिल येथील अधिवेशनात घटनेत दुरुस्ती करून सदस्यत्व केवळ गौरवर्णीयांपुरते मर्यादित करण्यात आले. दक्षिणेकडील राज्यांत सदस्य वाढावेत, हे त्यामागील एक कारण होते. बॉस्टनमधील मंडळांनी त्यास विरोध केला. तेथील किटी नॉक्स (१८७४–१९००) ही शिवणकाम करणारी, मिश्रवर्णीय मातापित्यांची कन्या ठरावापूर्वीच, १८९३ मध्ये, सदस्य झाली होती. जुलै १८९५ मध्ये न्यू जर्सीतील ॲस्बरी पार्क येथे भरलेल्या राष्ट्रीय मेळाव्यास ती स्वतः शिवलेल्या पोशाखात गेली, तेव्हा तिच्या सदस्यत्वपत्राविषयी हरकत घेण्यात आली. हा विषय देशभरच्या वृत्तपत्रांत गाजला. नियम पूर्वलक्षी नसल्याने तिचे सदस्यत्व अबाधित राहिले. मार्शल वॉल्टर टेलर (१८७८–१९३२) या कृष्णवर्णीय स्वाराने १८९९ मध्ये माँट्रिऑल येथे एक मैलाच्या शर्यतीत जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यालाही स्वदेशातील अनेक शर्यतींत मज्जाव व प्रतिस्पर्ध्यांचे हल्ले सोसावे लागले. वर्णबंदीचा हा ठराव संघाने औपचारिक रीत्या १९९९ मध्ये मागे घेतला.

सुरक्षित सायकल व प्रसार : जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही ‘सुरक्षित’ सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती व पेडलची गती साखळीने मागच्या चाकास मिळे. दंतचक्रांच्या प्रमाणामुळे लहान चाकानेही वेग साधता आल्याने उंच चाकाचे प्रयोजन उरले नाही. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप (१८४०–१९२१) याने हवा भरलेल्या रबरी टायरचे एकस्व घेतले आणि १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने असे टायर लावून बेलफास्टमधील शर्यती जिंकल्यावर भरीव टायर मागे पडले. उंच चाकावर हयात घालविलेल्या जुन्या स्वारांनी सुरक्षित सायकलीचा प्रथम उपहास केला. परंतु तिच्यामुळेच हा छंद मूठभरांच्या हातून बहुसंख्यांकडे गेला.

स्त्रिया व सायकल : उंच चाकाच्या काळात स्त्रियांसाठी तीन चाकी सायकली होत्या. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्टार्लीच्या अशा गाड्या मागविल्याने त्यांना प्रतिष्ठा लाभली. इंग्रज पर्यटन-संघाने १८८० पासून स्त्रियांना सदस्यत्व दिले. सुरक्षित सायकल आल्यावर स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु लांब झगे साखळीत व चाकात अडकत असल्याने पोशाखाचा प्रश्न निकडीचा झाला. सैल विजार घालणाऱ्या स्त्रियांची चेष्टा होई. १८९८ मध्ये पोशाखसुधारणेची पुरस्कर्ती लेडी हार्बर्टन हिला सरे परगण्यातील ऑकम येथील पथिकाश्रमात अशा पोशाखामुळे मुख्य उपाहार-कक्षात बसू दिले नाही. पर्यटन-संघाने पुढील वर्षी तिच्या वतीने खटला भरविला व तो हरला. तिला दुसऱ्या खोलीत जेवण देऊ केले होते, हा बचाव मान्य झाला. अमेरिकेत मद्यपानबंदीच्या चळवळीतील नेत्या फ्रान्सेस विलर्ड यांनी वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकून १८९५ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. जगातील कोणत्याही अन्य गोष्टीपेक्षा सायकलीने स्त्रीमुक्तीला अधिक हातभार लावला, असे मत स्त्रीमताधिकाराच्या पुरस्कर्त्या सूझन बी. अँथनी यांनी १८९६ मध्ये व्यक्त केले. नातलग पुरुषाच्या सोबतीवाचून घराबाहेर दूरवर जाता येणे, हा त्यामागील खरा आशय होता.

कामगारांची मंडळे : किंमती उतरल्यावर व जुन्या सायकली बाजारात आल्यावर कारकून व कुशल कामगार यांनाही सायकल घेता येऊ लागली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ब्लॅचफर्ड याच्या क्लॅरिअन या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे सायकल-मंडळ काढले. त्याचे सदस्य रविवारी खेडोपाडी जाऊन सहलीबरोबर पत्रके वाटीत व सभा घेत. जर्मनीत राष्ट्रीय संघ १८८४ मध्ये स्थापन झाला होता. कामगारांचा ‘सॉलिडारिटेट’ हा स्वतंत्र संघ १८९६ मध्ये ऑफेनबाख येथे निघाला. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याची सदस्यसंख्या सु. दीड लाख झाली होती. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याच्यावर बंदी घातली. सायकलीमुळे माणसे व बातम्या झपाट्याने हलतात, याची धास्ती राज्यकर्त्यांना वाटे. मे १८९८ मध्ये भाववाढीविरुद्धच्या दंगलीनंतर मिलान येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला, तेव्हा सायकली चालविण्यासही मनाई करण्यात आली होती.

शर्यती : १८९१ मध्ये बॉर्दो–पॅरिस आणि पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. दुसरी सु. १,२०० किमी. शर्यत शार्ल तेराँ याने जवळजवळ न झोपता तीन दिवसांच्या आत जिंकली. हौशी व धंदेवाईक खेळाडूंमधील भेद हा मंडळांतील कायमचा कलह होता. बक्षिसाचे पैसे न घेणे हे ज्यांना परवडे, तेच हौशी राहू शकत. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १८९३ मध्ये शिकागो येथे पहिल्या जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा झाल्या आणि १९०० मध्ये सध्याचा आंतरराष्ट्रीय सायकल-संघ अस्तित्वात आला.

भारताशी संबंध : टॉमस स्टीव्हन्स हा उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी होय. २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघून त्याने अमेरिका, यूरोप, तुर्कस्तान व इराण ओलांडले. १८८६ मध्ये तो लाहोरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यास गेला व पुढे चीन-जपान करून डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे त्याचा प्रवास संपला. या परंपरेशी मुंबईचा संबंध पुढे आला. ‘बाँबे वेटलिफ्टिंग क्लब’चे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा या तिघांनी तो पूर्ण केला व ते मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. पुढे महाराष्ट्रात सायकल हे कामगार, विद्यार्थी व दूधवाले यांचे नित्याचे वाहन झाले. पुणे तर दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई.

ऱ्हास व वारसा : १८९६ मध्ये सायकलधंद्यात भांडवलाचा पूर लोटला, १८९७ पासून अतिरिक्त उत्पादनामुळे किंमती कोसळल्या. सायकल सर्वांची झाली, तशी ती प्रतिष्ठितांच्या दृष्टीने प्रतिष्ठेची राहिली नाही व त्यांचे लक्ष मोटारीकडे वळले. अमेरिकन संघाचे सदस्य १९०२ पर्यंत दहा हजारांच्या खाली आले. १८९४ मध्ये मिलान येथे सायकलस्वारांनी काढलेल्या पर्यटन-संघाने १९०० मध्ये आपल्या नावातून सायकलीचा उल्लेख वगळला. इंग्रज पर्यटन-संघाने १९०६ मध्ये मोटारचालकांना सदस्यत्व देऊ केले, परंतु न्यायालयाने त्यास अनुमती दिली नाही.

डांबरी रस्ते, मार्गदर्शक पाट्या, प्रवासी नकाशे, वाहनांवरील दिवे व घंटा यांविषयीचे नियम यांपैकी पुष्कळ गोष्टींचा पाठपुरावा प्रथम सायकल-मंडळांनी केला. हवेचे टायर, गोलकधारवा व साखळीने गतिप्रेषण या सायकलीसाठी परिपक्व झालेल्या तंत्रांवरच मोटार-उद्योग उभा राहिला. सायकलस्वारांनी झगडून सुधारून घेतलेल्या रस्त्यांवर विसाव्या शतकात मोटारीचे वर्चस्व प्रस्थापित झाले आणि सायकलस्वाराला पुन्हा कडेला जावे लागले. एकविसाव्या शतकात अनेक देशांत स्वतंत्र सायकल-मार्गांची मागणी होत आहे. दीडशे वर्षांपूर्वी या मंडळांनी उपस्थित केलेला रस्त्याच्या हक्काचा प्रश्नच तीमधून पुन्हा पुढे आलेला आहे.